राजाराम बंधाऱ्याचा आकडा पाठ, नदीतल्या जंतूंचा मात्र पत्ता नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये एका सद्गृहस्थांचं पत्र होतं. नातवंडांना घेऊन ते सकाळी पंचगंगा घाटावर गेले. पायरीवर उभं राहिल्यावर पाण्याखालचे दगड दिसले, बारीक मासळी फिरताना दिसली, वास म्हणून नव्हता. तेव्हा 'पंचगंगा मेली, पंचगंगा मेली' म्हणून गळा काढणाऱ्यांनी एकदा घाटावर येऊन बघावं, असा एकंदर सूर. शेवटी एक ओळ होती की नातवंडांनी पाण्यात मनसोक्त डुबक्या मारल्या. ती ओळ वाचली आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

त्यांना खोटं पाडायला हे पत्र लिहीत नाही. त्यांनी बघितलं ते खरंच बघितलं असणार. मीही शुक्रवार पेठेत राहते, घाट मला पायाखालचा आहे. पावसाळा सरला की नदीतला गाळ खाली बसतो, बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी थांबतं आणि थंडीच्या दिवसांत ते निवळशंख दिसतं. माझं म्हणणं एवढंच, की निवळ पाणी आणि निर्जंतुक पाणी या दोन गोष्टी आहेत. एकतीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासले, २०१६ ला निवृत्त झाले. त्या काळात सगळ्यात देखणे नमुने बऱ्याचदा सगळ्यात वाईट निघाले. गढूळ पाणी बिचारं प्रामाणिक असतं, ते आधीच सांगतं की मला पिऊ नका.

साधा हिशेब सांगते, गच्चीवरच्या टाकीचा. मैलापाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू सहज एक कोटीच्या घरात असतात. आता तुमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, काठोकाठ स्वच्छ पाण्यानं भरलेली. तिच्यात कुणी एक तांब्याभर, म्हणजे लिटरभर, मैलापाणी ओतलं. ढवळलं. पाणी कसं दिसेल? जसं होतं तसंच. वास? नाही. पण १०० मिलिलिटरमागे त्यात दहा हजार जंतू झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात हा आकडा ५०० च्या आत असावा आणि काहीही झालं तरी २५०० च्या पुढे जाऊ नये. म्हणजे एका तांब्यानं अख्खी टाकी नुसत्या आंघोळीलासुद्धा नालायक झाली. पिण्याच्या पाण्याचं तर विचारूच नका, तिथं १०० मिलिलिटरमध्ये एकही जंतू सापडता कामा नये.

डोळ्यांना हे दिसत नाही यात डोळ्यांचा दोष नाही. हा जंतू लांबीला दोन मायक्रॉन. पाचशे एका ओळीत उभे केले तर कुठं एक मिलिमीटर भरतो. एका मिलिलिटरमध्ये कोटीच्या आसपास झाले तरच पाणी जरासं धुरकट वाटायला लागतं. आपल्या टाकीत मिलिलिटरला शंभर आहेत. मासळीलाही त्यांचं काही वाटत नाही. मासा मरतो तो पाण्यातला प्राणवायू संपल्यावर. मैला कुजवणारे जंतू तो प्राणवायू खाऊन टाकतात म्हणून. पाण्यात थोडा प्राणवायू शिल्लक असेल तर मासाही फिरतो आणि हगवणीचे जंतूही फिरतात. तेव्हा मासळी दिसली म्हणून पोरांना आत सोडू नये. तास-पाऊण तास डुंबणारं पोर दोन-अडीच मोठे चमचे पाणी गिळतंच, त्याला कितीही बजावलं तरी.

प्रयोगशाळेत आम्ही हे मोजायचो कसं तेही सांगते, कारण आकडा म्हटलं की लोकांना वाटतं मशीनमध्ये पाणी घातलं आणि चिठ्ठी बाहेर आली. तसं नसतं. निर्जंतुक केलेली काचेची बाटली, तिचं तोंड प्रवाहाकडे करून पाण्याखाली वीतभर धरायची, वरचा तवंग येऊ द्यायचा नाही. बाटली बर्फात. लॅबमध्ये आल्यावर पंधरा नळ्या, पाच-पाचच्या तीन रांगा: पहिल्या रांगेत १० मिलिलिटर पाणी, दुसरीत १, तिसरीत ०.१. नळ्यांमध्ये जंतूंना पोसणारा जांभळा रस्सा असतो, आणि त्यात बुडवलेली एक इवलीशी उलटी नळी. ३७ अंशांच्या कपाटात ठेवायचं. कोलिफॉर्म असले तर ते रश्शातली साखर खातात, जांभळ्याचा पिवळा होतो आणि उलट्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा धरतो. तो बुडबुडा बघायला मी सकाळी पदर खोचून धावत जायची. नवीन होते तेव्हा तर गंमतच वाटायची. मग पिवळ्या झालेल्या नळ्यांमधलं थोडं थोडं पुढच्या रश्शात घालून ४४.५ अंशांना ठेवायचं. मातीतले, पाल्यापाचोळ्यातले कोलिफॉर्म त्या उष्णतेला सहसा टिकत नाहीत, पोटातून आलेले टिकतात. एवढं सगळं होईपर्यंत तीन दिवस जातात. म्हणजे आज हातात येणारा आकडा तीन दिवसांपूर्वीच्या पाण्याचा असतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

ज्या जंतूला, म्हणजे ई. कोलायला, आम्ही शोधतो तो स्वतः बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. १८८५ साली म्युनिकमध्ये एशेरिक नावाच्या बालरोगतज्ज्ञानं तो तान्ह्या मुलांच्या विष्ठेत ओळखला. आपल्या सगळ्यांच्या पोटात तो असतोच. मग त्याला शोधायचं कशाला? दारात चपला दिसल्या की आत पाहुणे आहेत हे कळतं ना, तसं. त्या चपला आहेत. आत टायफॉइड आहे, पटकी आहे, हगवण आहे की नुसताच निरोगी माणसांचा मैला आहे, हे चपलांवरून कळत नाही. पण घर रिकामं नाही एवढं नक्की.

या नळ्यांचा एक किस्सा राहवत नाही म्हणून लिहिते. एका यात्रेच्या गावचे ग्रामसेवक घाटाच्या पाण्याचा रिपोर्ट घेऊन परत आले. आनंदात होते. म्हणाले, "मॅडम, आंघोळीला २५०० पर्यंत चालतंय न्हवं? आमचं तर १६०० च आलंय. पास झालो की!" रिपोर्टवर १६०० च्या आधी 'पेक्षा जास्त' असं लिहिलेलं होतं, ते त्यांनी वाचलंच नव्हतं. पंधरापैकी पंधरा नळ्या पिवळ्या झाल्या की तक्ता तिथं संपतो. जंतू तिथं संपत नाहीत. ते दोन हजार असतील नाहीतर दोन कोटी. पाणी आणखी पातळ करून पुन्हा लावल्याशिवाय कळत नाही. मी त्यांना खुर्ची दिली, समजावलं. ते उठताना म्हणाले, "मग आता यात्रेला लोकास्नी काय सांगू?" या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आज आहे असं वाटतं म्हणून तर लिहिते आहे.

आपल्या शहराबद्दल एक गोष्ट उघड बोलली जात नाही. कोल्हापूरच्या वाट्याला स्वतःच्या नाल्यांचं पाणी येत नाही. बालिंगा आणि शिंगणापूरचे उपसे शहराच्या वरच्या अंगाला, आणि जयंती, दुधाळीसारखे नाले नदीला मिळतात ते त्यांच्या खाली. त्यात नोव्हेंबर २०२३ पासून काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आली, दुधगंगेचं पाणी घरात आलं. चांगलंच झालं, मीही तेच पिते. पण त्या दिवसापासून पंचगंगेची काळजी आपण आणखी थोडी सैल केली, असं माझं निरीक्षण आहे. नदी आता आपल्याला दिवे लावायला, फोटो काढायला आणि महापुराला लागते. नाल्यांच्या खाली मात्र शिरोली आहे, रुकडी आहे, रुई आहे, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ आहे, आणि शेवटी नरसोबाची वाडी, जिथं दक्षिणद्वाराला लोक श्रद्धेनं पाण्यात उतरतात. 'नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये' म्हणतात. मूळ नका विचारू. मध्ये कोण कोण येऊन मिळतं तेवढं तरी विचारा. दसरा चौकातल्या पुलावरून खाली बघा. तो नाला नव्हे, जयंती नदी आहे. तिला नाला म्हणायला लागलो आणि मग नाल्यासारखं वागवायला मोकळे झालो.

माझी नणंद इचलकरंजीत दिली आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं काविळीची साथ आली ती जुन्या वाचकांना आठवत असेल. नणंदेच्या घरात तिघं एकदम पडली. मी भेटायला गेले तर दारातच तिचे डोळे दिसले, हळद लावल्यासारखे. घरभर उसाच्या रसाचा आणि औषधाचा वास. चुलीवर पातेलंभर पाणी उकळत होतं. म्हणाली, "वहिनी, आता उकळूनच पितोय." मी काही बोलले नाही. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ पोटात गेल्यापासून दिसायला दोन ते आठ आठवडे घेते. डोळे पिवळे होतात तेव्हा ते पाणी कधीच पुढं गेलेलं असतं. तपासायला बाटली भरून न्यावी, तर ती बाटली भलत्याच पाण्याची. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर जिवावर बेतते, आणि त्या गल्लीत दोघीजणी दिवस गेलेल्या होत्या. दोघीही वाचल्या. पण ते तीन आठवडे त्या गल्लीनं कसे काढले ते मी बघितलं आहे.

इथं माझ्याच नळ्यांविरुद्ध एक साक्ष द्यायला हवी. कावीळ करणारा हा जंतू नव्हे, विषाणू. कोलिफॉर्मपेक्षा चिवट. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचं पाणी जिथून उचलत तिथंच शहराचं मैलापाणी मागं फिरून शिरलं. प्रकार लक्षात आल्यावर क्लोरीन वाढवला गेला. टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. क्लोरीननं ते जंतू मारले. पण पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या त्यांच्या रक्तनमुन्यांवर पंचवीस वर्षांनी काम झालं, त्यात आपल्या पुण्याच्या विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ होते. आणि ती नेहमीची 'ए' कावीळ नव्हती हे तेव्हा उघड झालं. तिलाच आता 'ई' म्हणतात. म्हणजे कोलिफॉर्मचा आकडा चांगला आला म्हणून पाणी सगळ्या दृष्टीनं चांगलं, असंही छातीठोक म्हणता येत नाही. उलट मात्र म्हणता येतं. आकडा वाईट आला तर पाणी वाईटच.

'पण शहरात प्रक्रिया केंद्रं आहेत की' असं कुणीतरी म्हणेल. आहेत. कसबा बावड्याचं ७६ दशलक्ष लिटरचं, दुधाळीचं १७ दशलक्ष लिटरचं. पूर्वी यातलं काही नव्हतं आणि तेव्हाची नदी मी बघितली आहे, त्यामुळे नावं ठेवणार नाही. पण प्रक्रिया केंद्राच्या बातम्या येतात त्या दशलक्ष लिटरच्या. किती पाणी शुद्ध केलं, किती राहिलं. ही केंद्रं मुळात मैल्यातला कुजणारा भाग कमी करण्यासाठी असतात. त्यात हवा सोडून जंतूंनाच मैला खायला घालतात, गाळ खाली बसतो, वर स्वच्छ दिसणारं पाणी उरतं. कोलिफॉर्मही त्यात नव्याण्णव टक्क्यांपर्यंत कमी होतात. नव्याण्णव टक्के म्हटलं की कसं बोर्डात पहिलं आल्यासारखं वाटतं. एक कोटीतले नव्याण्णव टक्के गेले तर उरले किती? एक लाख. निकष २५०० चा. म्हणून शेवटी क्लोरीनची टाकी असते आणि त्या टाकीत पाणी निदान अर्धा तास क्लोरीनबरोबर राहावं लागतं. ती टाकी त्या दिवशी चालली की नाही हे बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या रंगावरून कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे १००० च्या आत अशी मर्यादा घातलेली आहे. पाहुण्यांना काचेच्या ग्लासात ते पाणी दाखवतात, त्यापेक्षा तो आकडा दाखवा.

आणि केंद्रापर्यंत पोचलं तर प्रक्रिया. पंप बंद पडला, मोठा पाऊस झाला, की नाला बांध ओलांडून नदीत. शिवाय उन्हाळ्यात नदी वाहत नाही. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून राज्यभर ज्यांना आपल्या गावाचं नाव आहे, ते बंधारे एकामागून एक पाणी अडवून ठेवतात. वळवाच्या किंवा पहिल्या पावसात बरगे काढले की महिनाभर मुरलेलं काळं पाणी एकदम सुटतं आणि खाली मासे उलटे होतात. मग दोन दिवस बातम्या. मासे दिसतात म्हणून बातम्या.

दिसणाऱ्या गोष्टींत आपण कोल्हापूरकर कमी नाही. निर्माल्य वेगळं घेतलं. गणपती इराणी खणीत न्यायला लागलो, मूर्तिदान केलं. हे राज्यात फार थोड्या गावांना जमलं. केंदाळ काढायला तरुण मंडळं कमरेभर पाण्यात उतरली. सगळं डोळ्यांना दिसणारं होतं, म्हणून झालं. जे दिसत नाही त्याला घाटावर जागा कशी द्यायची, तेवढंच राहिलं आहे.

माझी आई कार्तिकात महिनाभर पहाटे घाटावर जायची. येताना कळशी भरून आणायची, त्यातलं तांब्याभर देवघरात. मी नोकरीला लागले त्या वर्षी मोठ्या ऐटीत त्या तांब्यातलं पाणी गुपचूप लॅबमध्ये नेलं. नळ्या पिवळ्याधमक. घरी येऊन सांगितलं. आई गंध उगाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काय, देवाला उकळून घालू?" मला वाटलं, संपलं. आठवड्यानं बघते तर देवाला अभिषेक पंचगंगेचा आणि आमच्या हातावर तीर्थ मात्र स्वयंपाकघरातल्या उकळलेल्या पाण्याचं. याविषयी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. शेवटपर्यंत तिनं नदीला जाणं सोडलं नाही. तिला आकडा कळला, तिनं तिच्या परीनं मार्ग काढला.

त्या सद्गृहस्थांचं पत्र वाचल्यावर मी परवा पुन्हा एकदा नमुना घेतला. घरी पंधरा नळ्या नाहीत, पण कुप्या आहेत. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी काढलेली ही युक्ती, खेड्यापाड्यांत आशाताई आणि जलसुरक्षकसुद्धा वापरतात. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, हलवायचं, ठेवून द्यायचं. विष्ठेबरोबर येणारे जंतू असले तर पाणी काळं पडतं. एक कुपी घाटाच्या पायरीवर भरली, एक नाल्याच्या तोंडाशी, एक स्वयंपाकघरातल्या नळाला. थंडी होती म्हणून जुन्या स्वेटरात गुंडाळून बंबाच्या खोलीत ठेवल्या. नाल्याची रात्री झोपण्याआधीच काजळासारखी. घाटाची सकाळी. नळाची दोन दिवस तशीच होती, मधासारखी पिवळसर. सुनेनं विचारलं, हे काळं आता मोरीत ओतणार का? टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा चमचा घालून तासभर ठेवलं आणि मग ओतलं. ही कुपी फक्त हो की नाही एवढंच सांगते, किती ते सांगत नाही. चिखलातल्या दुसऱ्या जंतूंनीही ती कधी काळी पडते. म्हणून तिच्या जोरावर मी कुणावर आरोप करत नाही. त्या सद्गृहस्थांनी नातवंडांच्या पोटाकडे आठ दिवस जरा लक्ष द्यावं, एवढीच विनंती.

खरा आकडा विचारायला मग मी एका कार्यालयात गेले. कोणत्या ते लिहीत नाही, तिथला माणूस सभ्य होता. घाटाच्या पाण्याचा सगळ्यात अलीकडचा कोलिफॉर्मचा आकडा मिळेल का, विचारलं. "वेबसाइटवर असतंय की मॅडम." वेबसाइटवर होता तो काही महिन्यांपूर्वीचा, इंग्रजीत, भल्यामोठ्या तक्त्यात, आणि आपल्या घाटाची ओळ मला भिंग घेऊन शोधावी लागली. ताजा? "ताज्यासाठी अर्ज करा." माहिती अधिकारात म्हणे. तीन दिवसांत कळणारी गोष्ट तीस दिवसांत. तोवर नदीतून किती पाणी गेलं असेल! नमुने घेतले जात नाहीत अशी माझी तक्रार नाही. नमुने घेतले जातात, तपासणारी माझ्यासारखी माणसं इमानानं तपासतात. आकडा फायलीत जातो आणि तिथं त्याला कुणी भेटायला येत नाही.

याउलट जुलै उजाडला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पुराची पातळी मोजायला लागले, की बघा. रिक्षावाला, भाजीवाली, शाळेतलं पोर, कुणालाही विचारा, "राजाराम बंधाऱ्याला किती?" फूट आणि इंचात सांगतील. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे कोल्हापुरात पाढ्यासारखं पाठ आहे. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, तेही. हे शाळेत शिकवलं नव्हतं. रोज कानावर पडलं म्हणून पाठ झालं. आकड्यानं लोक घाबरतील, यात्रेकरू येणार नाहीत, असं एका ओळखीच्यांनी मला सुनावलं. ४३ ऐकून आंबेवाडी-चिखलीचे लोक घाबरून बसतात का? ते जनावरं सोडतात, गाठोडी बांधतात, वर येतात. आकडा कळला की माणूस काहीतरी करतो. माझ्या आईनं केलं.

ग्रामपंचायतींना पिण्याच्या पाण्यासाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. लाल कार्ड आलं की सरपंच कसे धावपळ करतात ते मी कित्येकदा बघितलं आहे. पाण्याच्या टाकीपेक्षा कार्डाची लाज जास्त. मग नदीला कार्ड का नाही? पंचगंगा घाटावर एक फळा लावावा. त्यावर नमुना घेतल्याची तारीख आणि कोलिफॉर्मचा आकडा, आठवड्यातून एकदा, मराठीत, ठळक. खाली ५०० आणि २५०० या दोन रेघा, ३९ आणि ४३ सारख्या. असाच एक शिरोळ आणि वाडीच्या बाजूला, म्हणजे आपण खाली काय पाठवतो ते तिथल्यांना आणि आपल्यालाही कळेल. इलेक्ट्रॉनिक नको, तो पहिल्या पुरात जाईल आणि मग दुरुस्तीचं टेंडर निघायचं. साधा काळा फळा आणि खडू. पूर आला की उचलून आत ठेवता येतो.

फळा लागेल तेव्हा लागेल. तोवर संपादकसाहेब, तुमच्यापुढेच एक मागणं आहे. पावसाळ्यात तुम्ही धरणसाठ्याची आणि बंधाऱ्याच्या पातळीची चौकट छापता. पावसाळा सरला की ती जागा जाहिरातीला जाते. त्या चौकटीत वर्षभर एकच ओळ ठेवा: पंचगंगा घाट, तारीख, आकडा. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायचा खर्च पहिले तीन महिने मी करीन. पेन्शन आहे आणि बाटली बर्फात कशी न्यायची ते हाताला अजून आठवतं. येत्या सोमवारी सकाळी सहाला घाटावर असेन. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आकडा हातात येईल, शुक्रवारच्या अंकासाठी तुमच्याकडे पाठवते. 'पेक्षा जास्त' असं आलं तर तेवढे दोन शब्द कृपया गाळू नयेत.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
शुक्रवार पेठ, कोल्हापूर